प्रशिक्षकाचा पगार कोण देतं?

टेनिस हा असा खेळ आहे, जिथं शिष्यच गुरूला नोकरीवर ठेवतो. क्रिकेटपटूचा प्रशिक्षक मंडळ नेमतं, फुटबॉलपटूचा क्लब नेमतो. खेळाडूला प्रशिक्षक आवडो न आवडो, त्याचा पगार थांबवणं खेळाडूच्या हातात नसतं. टेनिसपटूच्या प्रशिक्षकाचं मानधन, विमानाचं तिकीट, हॉटेलची खोली हे सगळं बहुतेक वेळा खेळाडूच्या कमाईतून जातं, आणि सलग काही आठवडे पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळावा लागला की पहिली कुऱ्हाड प्रशिक्षकावर पडते. खालच्या वयोगटात हीच सत्ता आईवडिलांकडे असते. फी तेच भरतात. ‘मुलीचा बॅकहँड कच्चा आहे, सहा महिने स्पर्धा थांबवा, मी तो मुळापासून दुरुस्त करतो,’ असं सांगणाऱ्या प्रशिक्षकाला ती मुलगी पुढच्या महिन्यात दुसऱ्या अकादमीत खेळताना दिसू शकते, आणि ही भीती त्याच्या प्रत्येक सल्ल्यात उतरते. म्हणून माझं म्हणणं असं, की टेनिसमध्ये प्रशिक्षकाला खरं बोलता यायचं असेल तर त्याला पगार देणारा कुणी तिसरा हवा. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी ही सोय फार पूर्वी केली. ती सोय काय घडवू शकते हे पाहायचं असेल तर ब्रायन शेल्टन यांची कारकीर्द तपासावी. आपल्याकडे त्यांची ओळख ‘टेनिसपटू बेन शेल्टनचे वडील’ एवढीच आहे. ती अपुरी आहे.

खेळाडू म्हणून ब्रायन शेल्टन पहिल्या रांगेतले नव्हते. अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिल गावी १९६५ मध्ये जन्मलेला हा मुलगा अटलांटाच्या जॉर्जिया टेक विद्यापीठात शिकला, तिथल्या संघातून खेळला आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस व्यावसायिक टेनिसमध्ये उतरला. न्यूपोर्टच्या ग्रास कोर्टवर त्यांनी १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली. एकेरीतली तीच त्यांची दोन मोठी विजेतेपदं. १९९२ मध्ये त्यांनी जागतिक क्रमवारीत ५५वा क्रमांक गाठला आणि त्याच वर्षी लोरी मॅकनीलच्या जोडीनं फ्रेंच ओपनच्या मिश्र दुहेरीत अंतिम फेरीही गाठली. १९९४ च्या विम्बल्डनमध्ये पात्रता फेरीतून आलेल्या शेल्टन यांनी पहिल्याच सामन्यात दुसऱ्या मानांकित मिशाएल श्टीशला सरळ सेटमध्ये घरी पाठवलं. श्टीश तीनच वर्षांपूर्वीचा विजेता. शेल्टन चौथ्या फेरीपर्यंत गेले. पुढं १९९७ मध्ये त्यांनी रॅकेट ठेवली. पन्नाशीच्या आसपासची क्रमवारी, एखाद्दुसरं विजेतेपद, एक अविस्मरणीय दिवस आणि तिशी ओलांडताच निवृत्ती हे टेनिसमधल्या शेकडो कुशल खेळाडूंचं प्राक्तन आहे. अशा माणसाकडे जे ज्ञान साचलेलं असतं, त्याचं पुढं काय होतं, हा प्रश्न कुठल्याही खेळाच्या व्यवस्थेला विचारायला हवा. शेल्टन यांच्या बाबतीत त्याचं उत्तर मिळालं, कारण अमेरिकन टेनिस संघटनेत राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून थोडा काळ काम केल्यावर १९९९ मध्ये त्यांच्याच विद्यापीठानं त्यांना महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमलं.

इथं महाविद्यालयीन टेनिसची रचना समजून घ्यावी लागते, कारण प्रशिक्षकाचं वजन त्या रचनेतून येतं. दोन विद्यापीठांमधली लढत सात गुणांची असते. आधी दुहेरीचे तीन सामने एकाच वेळी, एकेका सेटचे. त्यातले दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एक गुण. मग एकेरीचे सहा सामने, प्रत्येकी एक गुण. जो संघ आधी चार गुणांवर पोचेल तो जिंकला. चाळीस-चाळीस झाल्यावर ‘अ‍ॅडव्हान्टेज’ नाही, एकच गुण आणि गेमचा निकाल. सहा कोर्टांवर सहा सामने एकाच वेळी चालू असतात, आणि गुण मोजताना पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूचा विजय आणि सहाव्या क्रमांकाच्या खेळाडूचा विजय यांत तसूभर फरक नसतो. त्यामुळे प्रशिक्षक पाचव्या आणि सहाव्या कोर्टाच्या मध्ये उभा असतो, पाणी पिण्याच्या विश्रांतीत बाकाशेजारी वाकून एकीला सांगतो की दुसरी सर्व्हिस बॅकहँडवर टाक, आणि तेवढ्यात शेजारच्या कोर्टवर निर्णायक गुण आलेला असतो. पुरुषांच्या व्यावसायिक दौऱ्यावर २०२२ पर्यंत प्रशिक्षकानं सामना चालू असताना प्रेक्षागृहातून खूण करणंसुद्धा नियमबाह्य होतं. महाविद्यालयीन टेनिसमध्ये तो कोर्टवर असतो आणि बोलतो. परंपरेनं इथल्या बऱ्याच सामन्यांत आपल्या बाजूच्या रेषांचा निर्णय खेळाडू स्वतःच देत आले आहेत, पंच केवळ देखरेखीला. रेषेवर पडलेला चेंडू ‘आउट’ म्हणणाऱ्या आपल्याच खेळाडूला खडसावायचं की गप्प बसायचं, याची परीक्षा प्रशिक्षकाला दर आठवड्याला द्यावी लागते. जो खेळाडूच्या पैशावर जगतो, त्याला हे खडसावणं परवडत नाही.

जॉर्जिया टेक हे प्रामुख्यानं अभियांत्रिकीसाठी नावाजलेलं विद्यापीठ. महिला टेनिसवर राज्य होतं ते स्टॅनफर्डसारख्यांचं. २००४, २००५ आणि २००६ अशी सलग तीन वर्षं राष्ट्रीय सांघिक विजेतेपद स्टॅनफर्डकडे होतं. शेल्टन यांना या पंक्तीत बसायला आठ हंगाम लागले. मे २००७ मध्ये अथेन्स, जॉर्जिया इथं त्यांच्या संघानं अंतिम लढतीत युसीएलए विद्यापीठाला ४-२ असं हरवलं, आणि राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेच्या मान्यतेचं ते जॉर्जिया टेकचं कुठल्याही खेळातलं पहिलं सांघिक विजेतेपद ठरलं. पुढच्याच वर्षी त्यांच्या संघातली अमांडा मॅकडॉवेल एकेरीची राष्ट्रीय विजेती झाली. या आठ वर्षांकडे मी बोट दाखवतो, ते त्यातल्या मुदतीसाठी. व्यावसायिक दौऱ्यावर आठ वर्षं एकाच प्रशिक्षकाबरोबर काढलेले खेळाडू शोधावे लागतात. इथं मुली दर चार वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडत होत्या, नव्या येत होत्या, आणि प्रशिक्षक तिथंच होता. ऐन हंगामात आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त सराव घेता येत नाही असा संघटनेचा नियम, म्हणजे वेळही मोजूनमापून. त्या वीस तासांत कुणाचं काय दुरुस्त करायचं हे ठरवण्याचा अधिकार मात्र पूर्णपणे प्रशिक्षकाचा. पिढी बदलली तरी पद्धत टिकते ती अशानंच.

२०१२ मध्ये ते फ्लोरिडा विद्यापीठाच्या पुरुष संघाकडे गेले. तिथं नऊ वर्षांनी, २०२१ मध्ये, ऑर्लँडोत बेलर विद्यापीठाला ४-१ नं हरवून फ्लोरिडाच्या पुरुषांनी पहिल्यांदाच सांघिक विजेतेपद मिळवलं. महिला आणि पुरुष अशी दोन्ही राष्ट्रीय सांघिक विजेतेपदं पहिल्या श्रेणीत जिंकणारे शेल्टन हे पहिले प्रशिक्षक. त्या अंतिम लढतीतला चौथा, निर्णायक गुण बेननं मिळवला. तो तेव्हा पहिल्या वर्षाला होता आणि संघातल्या खालच्या क्रमांकावर खेळत होता. वरच्या क्रमांकांवर इतर होते. त्यांतल्या सॅम रिफिसनं त्याच वर्षी एकेरीचंही राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. प्रशिक्षकाचा मुलगा असून बेन खाली खेळला, ही गोष्ट मला त्या विजेतेपदाइतकीच महत्त्वाची वाटते. पुढच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, तोच एकेरीचा राष्ट्रीय विजेता झाला. त्या ऑगस्टमध्ये सिनसिनाटीत त्यानं नावाजलेल्या कास्पर रूडला हरवलं आणि मगच तो व्यावसायिक झाला. इतर होतकरू मुलं चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून युरोपात स्पर्धा खेळत फिरतात. बेन जानेवारी २०२३ च्या ऑस्ट्रेलियन ओपनसाठी आयुष्यात पहिल्यांदा अमेरिकेबाहेर पडला, आणि विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम चालू ठेवून उपांत्यपूर्व फेरीत पोचला. त्याच वर्षी तो अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत होता, आणि २०२५ मध्ये त्यानं टोरांटोची मास्टर्स स्पर्धा जिंकली. घाई न करता वाढवलेला खेळाडू मागं पडतोच, हा समज या एका उदाहरणानं खोटा ठरत नाही, पण त्याला तडा नक्की जातो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे, आणि तो माझ्या मुद्द्याच्या वर्मी लागतो. विद्यापीठाची नोकरी इतकी मोलाची होती तर शेल्टन यांनी जून २०२३ मध्ये ती सोडली का? आज ते मुलाचे पूर्णवेळ प्रशिक्षक आहेत, म्हणजे जिथं खेळाडूच मालक असतो त्या व्यवस्थेत परत गेले. खरं आहे. पण या नात्यातला अधिकार आधीच ठरून गेला होता. वडील म्हणून काही, आणि दोन हंगाम संघाचे प्रशिक्षक म्हणून काही. शिवाय बापलेकांचं नातं हा टेनिसमधला नियम होऊ शकत नाही. टेनिसच्या इतिहासात मुलांना घडवणारे वडील आहेत, तसे मुलांचं आयुष्य जाळणारेही आहेत, आणि नशिबानं मिळालेल्या चांगल्या बापावर कुणी व्यवस्था उभारू शकत नाही. शेल्टन यांच्या प्रशिक्षक म्हणून पंचवीसहून अधिक वर्षांतली शेवटची काही वर्षंच त्यांच्या मुलाची आहेत. त्याआधीची चोवीस, जॉर्जिया टेकच्या मुली आणि फ्लोरिडाची मुलं धरून, दुसऱ्यांच्या लेकरांची आहेत. माझा पुरावा त्या वर्षांत आहे.

दुसरा आक्षेप असा, की हे सारं व्यवस्थेचं नव्हे तर त्या माणसाचं श्रेय. श्टीशला हरवलेला माणूस कुठंही चांगलाच शिकवणार. मला हे पटत नाही. उत्तम खेळाडू उत्तम शिकवतो असा काही नियम नाही, आणि महाविद्यालयीन टेनिसचा इतिहास तर उलटंच सुचवतो. स्टॅनफर्डच्या पुरुष संघाला १९७३ ते २००० या काळात सतरा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारे डिक गूल्ड हे व्यावसायिक दौऱ्यावरचं मोठं नाव कधीच नव्हते. जॉन मॅकेन्रो मात्र त्यांच्या संघातून खेळून गेला. उलट बिली मार्टिन हे १९७३ आणि १९७४ अशी दोन्ही वर्षं विम्बल्डन आणि अमेरिकन ओपनचे ज्युनियर विजेते. एवढ्या झगमगत्या सुरुवातीच्या मानानं त्यांची व्यावसायिक कारकीर्द थोडक्यात आटोपली, आणि मग त्यांनी युसीएलएचा पुरुष संघ तीन दशकं सांभाळला आणि त्यात २००५ मध्ये राष्ट्रीय विजेता केला. तिघांची पूर्वपीठिका तीन तऱ्हांची. समान गोष्ट एवढीच, की तिघांनाही दशकभर किंवा त्याहून अधिक काळ एका जागी, पगारावर, निवडीच्या अधिकारासह काम करता आलं. शेल्टन यांचा खेळ त्यांना उपयोगी पडलाच असेल. पात्रता फेरीतून आलेल्या माणसाला सहाव्या कोर्टावरच्या मुलीची धाकधूक जास्त चांगली कळत असेल असं मला वाटतं. पण ती कळूनही तिच्यावर काम करायला आठ वर्षं दिली गेली नसती, तर त्या कळण्याचा उपयोग काय?

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सगळ्यांत गंभीर आहे. अमेरिकेतलं महाविद्यालयीन टेनिस स्वतःच्या पायावर उभं नाही. मोठ्या विद्यापीठांत ते बव्हंशी अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या दूरदर्शन हक्कांवर पोसलं जातं. महिला संघांना बळ मिळालं ते शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या कायद्यामुळे. त्या कायद्याच्या हिशेबातून पहिल्या श्रेणीत महिला टेनिसला आठ पूर्ण शिष्यवृत्त्या आणि पुरुषांना जेमतेम साडेचार, अशी मर्यादा अलीकडेपर्यंत होती. २०२० च्या साथीत तंगी येताच आयोवा आणि मिनेसोटा विद्यापीठांनी पुरुष टेनिस बंद केलं. आता खेळाडूंना थेट उत्पन्नाचा वाटा देणं सुरू झाल्यावर टेनिससारख्या न कमावणाऱ्या खेळांवरचा ताण वाढणार, हे उघड आहे. म्हणजे शेल्टन यांना मिळालेली स्थिरता ही कुणाची मेहेरबानी नसली तरी ती दुसऱ्या खेळाच्या तिकिटांवर उभी होती, हे मान्य करायलाच हवं. पण यातून निष्कर्ष काय निघतो? अमेरिकेची शिष्यवृत्ती, तिथली स्टेडियमं, तिथला खर्च यांची नक्कल दुसरीकडे होणार नाही, एवढाच. प्रशिक्षकाला संस्थेनं पगार देणं आणि संघ निवडीचा अधिकार देणं, याला फुटबॉलचे कोट्यवधी डॉलर लागत नाहीत.

आणि हा प्रश्न आपला नाही असं म्हणता येणार नाही, कारण आपली मुलं त्याच व्यवस्थेत शिकायला जातात. महेश भूपतीनं मिसिसिपी विद्यापीठाकडून १९९५ मध्ये अली हमादेहच्या साथीनं दुहेरीचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. शेल्टन यांच्या मुलींनी २००७ मध्ये अथेन्सला करंडक उचलला, त्याच ठिकाणी, त्याच स्पर्धेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या सोमदेव देववर्मननं जॉन इस्नरला हरवून एकेरीचं विजेतेपद घेतलं, आणि २००८ मध्ये ते राखलं. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला आणि २०२४ मध्ये त्यानं अल्माटीत दुहेरीची एटीपी स्पर्धा जिंकली. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एममध्ये शिकली, तिथल्या संघातून खेळली, आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाच्या साथीनं मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक घेऊन आली. अठराव्या वर्षी एकीकडे पदवी आणि दुसरीकडे टेनिस अशी निवड करायची वेळ महाराष्ट्रातल्या प्रत्येक चांगल्या मुलामुलीवर येते. ज्यांना परवडतं किंवा शिष्यवृत्ती मिळते, ते अमेरिकेला जातात. उरलेल्यांतले बरेच बारावीच्या आसपास रॅकेट माळ्यावर टाकतात.

आपल्या महाविद्यालयांत त्यांच्यासाठी काय असतं? शारीरिक शिक्षण संचालकाचं एक पद, आणि तेही अनेक ठिकाणी रिकामं. त्या एका माणसानं कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे संघ पाठवायचे, जिमखान्याचा हिशेब ठेवायचा, खेळाडूंच्या वाढीव गुणांचे कागद पुरे करायचे. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या तोंडावर निवड चाचणी होते, थोड्या दिवसांचं शिबिर होतं, संघ पश्चिम विभागाच्या स्पर्धेला जातो आणि परत आल्यावर विखुरतो. जो मुलगा मुळात चांगला खेळतो तो खासगी अकादमीत घडलेला असतो; विद्यापीठ त्याला फक्त जर्सी देतं. या व्यवस्थेत ब्रायन शेल्टनसारखा माणूस असता तर त्याच्यासमोर दोनच वाटा असत्या: स्वतःची अकादमी काढून पालकांच्या फीवर जगणं, किंवा एखाद्या खेळाडूबरोबर बॅग उचलून फिरणं. राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या आपल्या कित्येक टेनिसपटूंनी नेमक्या याच दोन वाटा धरल्या आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांनी या अडचणीतही मनापासून काम केलं आहे. त्यांच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. त्यांना जी जागा मिळायला हवी ती अस्तित्वातच नाही, ही माझी तक्रार आहे.

‘आपल्या विद्यापीठांना प्राध्यापकांच्या जागा भरायला पैसे नाहीत, तिथं टेनिसचा प्रशिक्षक कसला?’ असं कुणी विचारलं तर त्या प्रश्नात तथ्य आहे, आणि शिक्षकांच्या जागा आधी भरा असंच मीही म्हणेन. पण मागणी प्रत्येक महाविद्यालयात प्रशिक्षक नेमण्याची नाही. राज्यातल्या दोन-तीन विद्यापीठांनी प्रत्येकी एक पूर्णवेळ टेनिस प्रशिक्षक नेमावा, मुलामुलींचे मिळून वर्षभर टिकणारे संघ त्याच्या हवाली करावेत, आणि वर्षातून एकदा होणाऱ्या आंतरविद्यापीठ स्पर्धेवर न थांबता एकमेकांच्या गावी जाऊन सात गुणांच्या लढती खेळवाव्यात. पुण्यात बालेवाडीची कोर्टं आहेत, मुंबई-नागपूर-कोल्हापुरात जिमखान्यांची आहेत. सकाळच्या वेळेचं भाडं ठरवणं हा पत्रव्यवहाराचा विषय आहे. नेमणूक किमान पाच वर्षांची असावी, कारण जॉर्जिया टेकलासुद्धा आठ लागली. निवडीत कुलगुरूंपासून पालकांपर्यंत कुणी ढवळाढवळ करणार नाही, हे नेमणूकपत्रातच लिहिलेलं असावं. आणि अर्ज मागवताना पदव्यांची यादी थोडी आखूड करून राष्ट्रीय क्रमवारीत खेळलेल्या माणसालाही त्या मुलाखतीला बसता येईल अशी अट घालावी, कारण सध्याच्या नियमांत शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी आणि नेट नसलेला ब्रायन शेल्टन पुण्यात संचालकपदासाठी अर्जसुद्धा करू शकला नसता.